सहाव्या रांगेतली चार वाजताची सही

९ फेब्रुवारी

काकू,

पत्राची सुरुवात कशी करतात ते मला नीट येत नाही. शाळेत शिकवलं होतं, पण ते मुख्याध्यापकांकडे रजा मागायचं पत्र होतं. तुम्हाला काय महोदय म्हणू? म्हणून नुसतं काकू.

फोन केला होता. दोनदा. दोन्ही वेळा तुमच्या लेकीनं उचलला. ताई "कोण? अहो कोण बोलतंय?" म्हणाल्या आणि मी ठेवून दिला. त्यांना सांगा की तो राँग नंबर नव्हता, मी होते. पत्ता हजेरीच्या वहीत मिळाला. तुमच्या नावापुढे, "काही झाल्यास कोणाला कळवावे" तिथे तुम्ही ताईंचा लिहिला होता. माझ्या नावापुढे ती जागा मोकळीच आहे. आत्याचा लिहायला पाहिजे, पण कळवलं तरी तिला ऐकू कुठे येणार.

तुमचा खुबा कसा आहे? सुपरवायझर सांगत होते, ऑपरेशन झालं, आत रॉड घातला. सांगून लगेच शिट्टी वाजवायला लागले. त्यांना शिट्टी हे नाव तुम्ही ठेवलंत ते बरं केलंत, आता मला त्यांचं खरं नाव आठवतच नाही.

दुकान चालू आहे. तुमच्या भाजीच्या काट्यावर बिस्किटांच्या रांगेतल्या बाईंना बसवलंय. त्या कांदे तोलताना पिशवी काट्यावर आपटतात. तुम्ही कशी हळूच ठेवायचात, अंडी असल्यासारखी. गिऱ्हाईकं विचारतात, नेहमीच्या बाई कुठं गेल्या? त्या म्हणतात, रजेवर आहेत. पडल्या असं सांगायचं नाही असं सांगितलंय आम्हाला.

मी त्या वेळी गोदामात होते. खोकी उघडत होते. आवाज आला तेव्हा धावत आले. तुम्ही मला बघितलंत की नाही माहीत नाही. तुमचे डोळे उघडे होते, पण तुम्ही वर दिव्याकडे बघत होतात. मी तुमची चप्पल उचलून बाजूला ठेवली. तेवढंच केलं.

बटाटे अजून झोपलेलेच आहेत. तुमच्या मागं त्यांना उठवायला कुणी नाही.

लवकर बऱ्या व्हा.

तुमची
हळू


१८ फेब्रुवारी

काकू,

पत्र पोचलं का? उत्तर नाही दिलंत तरी चालेल. झोपून लिहिता येत नसेल, मला कळतं.

चहाच्या सुट्टीत आता मी पायऱ्यांवर बसते, मागच्या दाराच्या, जिथे रिकामी खोकी ठेवतात. आत सगळ्यांबरोबर बसून बघितलं. दोन दिवस. तुम्ही असताना तुम्ही बोलायचात आणि मी तुमच्या शेजारी असायचे, म्हणजे मी पण बोलल्यासारखंच व्हायचं. आता मी बसले की सगळे बाजूला सरकून जागा देतात. चांगले वागतात. पण जागा दिल्यावर तिथे काय करायचं ते मला समजत नाही.

घरी आत्या दिवसभर टीव्ही लावते, पूर्ण आवाजात. तिला एका कानानं ऐकू येत नाही आणि मला असलेल्या तोंडानं बोलता येत नाही, त्यामुळे आमचं भांडण कधी होत नाही. जेवण झालं का ते ती हातानं विचारते. मी मान हलवते. काल ती मोठ्यानं म्हणाली, "तुझं दुकानात काही बिनसलंय का गं?" मी नाही म्हणून मान हलवली. मान हलवणं फार सोपं असतं काकू. सगळे तेवढ्यावर खूश होतात.

परवा मॅनेजर साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि विचारलं, "त्या दिवशी फरशी कोरडी होती ना?" सगळ्यांनी माना हलवल्या.

मग तुमचं कपाट उघडलं. कुलूप तोडून. आत दुकानाचे काळे बूट होते, रबरी तळाचे, आपल्या सगळ्यांना देतात ते. साहेबांनी मोबाइलवर त्यांचा फोटो काढला. "बघा, बूट इथं आणि बाई चपलेवर," असं म्हणाले.

ते बूट तुमच्या अंगठ्याला लागतात. तुम्ही दोन वर्षं एक नंबर मोठा मागत होतात, माझ्यासमोर तीनदा मागितला, मला माहीत आहे. मी सांगणार होते. तोंड उघडलं पण होतं. तेवढ्यात शिट्टी दुसरंच काहीतरी बोलायला लागले आणि मग ते राहून गेलं.

तुमच्या कपाटात एक कंगवा, चष्म्याची रिकामी पेटी आणि माझी केसांची पिन होती. पिन मी मागितली नाही. सगळं एका पिशवीत भरून साहेबांच्या खोलीत ठेवलंय.

तुमची
हळू


२७ फेब्रुवारी

काकू,

ताई आल्या होत्या आज. तुम्हाला त्यांनी सांगितलं असेल, पण मी तिथं होते हे त्यांना माहीत नसणार. मी रॅकच्या मागं होते, फ्रीजरमध्ये मटारची पाकिटं लावत.

काकू, ताई काय बोलतात हो! तुमच्याच पोटच्या आहेत हे लगेच कळलं. सगळं दुकान थांबलं.

"माझ्या आईनं अकरा वर्षं इथं भाजी तोलली. अकरा वर्षांत एकदा तरी घसरली का ती?"

साहेब म्हणाले, "ताई, जरा हळू बोला, गिऱ्हाईकं बघतायत."

"बघू देत की! त्यांना पण कळू दे आपण कुठं पाय टाकतोय ते."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हातात मटार होते.

मग साहेबांनी तो कागद काढला. सहाव्या रांगेचा, त्या दिवसाचा तक्ता. त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय, शाळेच्या दाखल्यासारखा. म्हणाले, "हे बघा. चार वाजता फरशी तपासली. कोरडी. सही आहे. चार वाजून दहा मिनिटांनी आई पडल्या. दहा मिनिटांत काय नदी आली का इथं? पायात दुकानाचे बूट नव्हते. यात आमची काय चूक? विम्याची माणसं पण हेच म्हणणार. चूक त्यांची असेल तर दवाखान्याचा खर्च मिळत नाही, आणि जागा तरी आम्ही किती दिवस अडवून ठेवायची?"

ताईंनी कागद नीट बघितला. मग विचारलं, "ही सही कुणाची?"

"आमच्या एका मुलीची. जबाबदार मुलगी आहे."

काकू, मला आजपर्यंत कुणी जबाबदार म्हटलं नव्हतं. घरी नाही, शाळेत तर नाहीच. पहिल्यांदा म्हटलं ते हे असं.

माझ्या हातातली पाकिटं मऊ पडली होती. मी ती तशीच आत कोंबली.

तुमच्या काट्याला तक्ता नव्हता, म्हणून आम्ही तो कसा भरतो ते तुम्हाला माहीत नसेल. प्रत्येक रांगेच्या टोकाला एक पॅड लटकवलेलं असतं. त्यावर सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत बारा चौकोन. दर तासाला रांगेतून फिरायचं, फरशी बघायची, त्या तासाच्या चौकोनात सही करायची. असा नियम आहे. पण दर तासाला हातातलं काम सोडून कोण फिरणार? म्हणून सगळे सकाळीच बाराच्या बारा सह्या ओढून टाकतात. मी नवीन होते तेव्हा शिट्टींनीच मला शिकवलं. म्हणाले, "एका दमात सगळ्या एकसारख्या काढशील तर पकडली जाशील. मध्ये पेन बदलायचं. आणि दुपारनंतर सही जरा वाकडी करत जायची. दिवसभर उभं राहून माणूस थकतो ना, मग सही पण थकली पाहिजे."

मला ते आवडलं होतं. खोटं बोलत नाही, नुसती चित्रं काढते. मी फार छान काढते. नऊची सही ताठ, एकची जरा जेवून सुस्तावलेली, पाचची एका बाजूला कललेली, आठची तर बिचारी पडायलाच आलेली असते.

चारची सही मी त्या दिवशी सकाळी साडेनऊला केली होती. निळ्या पेनानं, थोडीशी थकलेली.

हे मी फक्त तुम्हाला सांगतेय. ताईंना सांगू नका. म्हणजे सांगायचं तर सांगा. मला कळत नाही.

पाणी कुणी बघितलंच नव्हतं, त्यामुळे माझी सही नसती तरी तुम्ही पडला असतातच. असं मी म्हणत असते स्वतःला.

हळू


६ मार्च

काकू,

ताईंचं कार्ड आलं. एकच ओळ. "आई विचारते, चार वाजता तू कुठे होतीस?"

आत्यानं ते टीव्हीवर ठेवलं होतं. मी वाचून पुन्हा तिथंच ठेवलं, मग उचललं, मग पिशवीत घातलं. आज पाचवा दिवस आहे. रोज दुकानात घेऊन जाते आणि घरी परत आणते.

तुम्ही दिव्याकडे बघत नव्हतात तर. मला बघितलं होतंत. माझ्या हातात काय होतं ते पण बघितलं असणार.

मी गोदामात होते हे खरं आहे. खोकी उघडत नव्हते.

पहिल्यापासून सांगते. त्या दिवशी हेड ऑफिसचे मोठे साहेब येणार होते. सकाळपासून धावपळ. सहाव्या रांगेतला फ्रीजर गळतो हे सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून त्याच्या खाली खोक्याचा पुठ्ठा पसरलेला असायचा. ओला झाला की मी बदलायचे. मोठे साहेब येणार म्हणून शिट्टींनी तो पुठ्ठा काढायला लावला, वाईट दिसतो म्हणून. मी काढला. फरशी आरशासारखी पुसली. आणि मोठे साहेब दुपारी चारच्या सुमाराला आले.

मी सहाव्या रांगेत गेले तेव्हा पाणी आलेलं होतं. काकू, मी बघितलं होतं. एवढं नव्हतं, एका ताटाएवढं. पण पुसलेल्या फरशीवर ते दिसतच नव्हतं, मला दिसलं कारण मला ते कुठून येतं ते माहीत होतं.

तुम्हीच मला शिकवलं होतंत. माझ्या पहिल्या आठवड्यात, सॉसची बाटली फुटली होती तेव्हा. म्हणाला होतात, "सांडलं की तिथून हलायचं नाही. फरशी ओली असल्याची पाटी आणायला जायचं नाही, पोछा आणायला जायचं नाही. मध्ये उभं राहायचं, हात पसरायचे आणि ओरडायचं. बाकीचे आणतील काय आणायचं ते. पाटी येईपर्यंत तूच पाटी." आणि माझ्या तोंडून आवाज निघेना तेव्हा मला भाजीच्या मागं नेलंत, पोत्यांसमोर उभं केलंत आणि म्हणालात, "हे बटाटे झोपलेत. यांना उठव बघू." मी कसंबसं "अहो" म्हटलं. तुम्ही पोत्याला कान लावलात आणि म्हणालात, "एकानं कूस बदलली. बाकीचे घोरतायत." आपण किती हसलो होतो. माझं नाव त्याच दिवशी हळू पडलं.

त्या दिवशी मी पाण्यापाशी उभी राहिले. शेजारच्या रांगेत मोठे साहेब बोलत होते, बरोबर सात-आठ माणसं, कुणीतरी हसत होतं. मला फक्त "इथं पाणी आहे" एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. तोंड उघडलं. त्यातला एकही बाहेर पडेना.

शाळेत पण असंच व्हायचं. तुम्ही एकदा विचारलं होतंत शाळा का सोडलीस, आणि मी म्हटलं होतं, घरची अडचण. घरची काही अडचण नव्हती. नववीत तोंडी परीक्षा होती. बाईंनी कविता म्हणायला उभं केलं. मला ती सगळी पाठ होती, अजून आहे. मी उभी राहिले आणि काहीच आलं नाही. बाई थांबल्या, वर्ग थांबला, मग मागून कुणीतरी मांजरासारखं म्याव केलं. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी पण नाही. कुणी न्यायला आलं नाही, मग राहिलंच.

पाण्यापाशी उभी होते तेव्हा मला ते म्याव ऐकू आलं.

म्हणून मी ओरडले नाही. मी पिवळी पाटी आणायला गेले. मला वाटलं, पटकन जाऊन आणते, कुणाला कळायचंही नाही. दुकानात एकच पाटी आहे आणि ती गोदामाच्या दाराला अडसर म्हणून लावलेली असते, दार आपोआप बंद होऊ नये म्हणून. ती अडकली होती. मी पायानं दार ढकलून धरलं आणि दोन्ही हातांनी ओढत होते. ती सुटली आणि तेवढ्यात आवाज आला.

तुमचा आवाज नाही. तुम्ही ओरडला नाहीत. अंग पडल्याचा आवाज.

मी पाटी हातात घेऊन आले. ती तुम्ही बघितलीत.

आणि तुम्ही सहाव्या रांगेत कशाला येत होतात हे कुणीच विचारलं नाही. साहेब म्हणाले, काम सोडून फिरत होत्या. तुम्ही मला बोलवायला येत होतात. चहाला. मी आपणहून कधी येत नाही म्हणून रोज यायचात.

हे तुम्हाला आधीच लिहायला पाहिजे होतं. पहिली दोन पत्रं मी तुमची चौकशी करायला लिहिली नव्हती, तुम्हाला कळलंय का ते बघायला लिहिली होती.

मंगळवारी विम्याच्या बाई येणार आहेत. मला आत बोलावणार आहेत. साहेब म्हणालेत, "तुला विचारतील चारला फरशी कोरडी होती का. तू फक्त हो म्हण. तू तशी पण जास्त बोलत नाहीस, बरंच आहे."

हळू


१३ मार्च

काकू,

मंगळवारचं सांगते.

सकाळी शिट्टी माझ्यामागं पायऱ्यांपर्यंत आले. शिट्टी वाजवत नव्हते. म्हणाले, "बाई तर घरी पडून आहेत, त्या काही लगेच परत येत नाहीत. तू उगाच खरं-खोटं करत बसलीस तर सगळ्यांच्या सह्या बाहेर निघतील. माझी पण. दोन पोरं आहेत गं मला." त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी मान हलवली. त्यांना वाटलं मी हो म्हटलं. मी फक्त ऐकलं म्हणून हलवली होती.

मग मी सहाव्या रांगेत जाऊन तक्ता भरला. बाराच्या बारा सह्या. दोन पेनं वापरली, दुपारनंतरच्या वाकड्या काढल्या. तुम्ही पडल्यापासून मी असं भरणं बंद केलं होतं, दर तासाला जात होते. पण मंगळवारी मुद्दाम भरला. आठची तर इतकी छान जमली, झोपेत काढल्यासारखी.

अकरा वाजता बोलावलं. साहेबांच्या खोलीत तुमच्या सामानाची पिशवी अजून कोपऱ्यात आहे. विम्याच्या बाई वयानं तुमच्याएवढ्या, चष्मा डोक्यावर ठेवतात आणि मग शोधत बसतात. त्यांनी तो प्लॅस्टिकमधला कागद माझ्यापुढे ठेवला.

"ही सही तुझी?"

मी मान हलवली.

"चार वाजता तू फरशी बघितलीस?"

मी मान आडवी हलवली.

साहेब हसले. "तिला प्रश्न कळला नाही. लाजाळू आहे. अगं, बघितलीस ना, रोज बघतेस ना?"

बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"माझीच खोली आहे."

"हो, छान आहे खोली. पाचच मिनिटं."

ते गेले. बाईंनी मला पाणी दिलं. "बोल." मी ग्लास रिकामा केला. त्यांनी पुन्हा भरला. तो पण संपवला. काही येईना. त्या घड्याळाकडे बघायला लागल्या, आणि मला वाटलं आता ह्या पण थांबतील, मग वैतागतील, मग म्हणतील बरं जा.

मी उठले आणि बाहेर गेले. साहेब दारातच होते, म्हणाले, "झालं?" मी त्यांच्या बाजूनं सहाव्या रांगेपर्यंत गेले, पॅड काढलं, परत आले आणि बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी आधी चष्मा शोधला. मग तारीख बघितली. मग एकेका चौकोनावर बोट ठेवत खाली गेल्या. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"हा आजचा आहे?"

मान.

"आणि ही रात्री आठची सही?"

मान.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रोज असंच?"

तेव्हा आवाज आला काकू. फार नाही. मी म्हटलं, "मी पाणी बघितलं होतं." त्यांनी कान पुढे केला, तुम्ही पोत्याला लावायचात तसा. मी पुन्हा म्हटलं. मग त्यांनी मला कागद दिला आणि म्हणाल्या, बोलता येत नसेल तर लिही. ते मला येतं, हल्ली सवय झालीय. पुठ्ठा, मोठे साहेब, गळणारा फ्रीजर, दाराला लावलेली पाटी, तुमचे बूट, तीनदा मागितलेला मोठा नंबर, सगळं लिहिलं. मी पाण्यापाशी थांबले नाही हे पण लिहिलं. अडीच पानं झाली. बाकीच्या रांगांमध्ये कोण काय करतं ते लिहिलं नाही, फक्त माझं लिहिलं. शिट्टींच्या दोन पोरांमुळे.

शेवटी बाई म्हणाल्या सही कर. मी घड्याळ बघितलं, सही केली, खाली वेळ टाकली. बारा वाजून पाच मिनिटं. बारा पाचलाच केली.

एक प्रत तुम्हाला पाठवायला मागितली, ती यातच घातलीय. ताईंना द्या. त्या माझ्यासारख्या रॅकमागं उभ्या राहणाऱ्यातल्या नाहीत, त्यांना ती नीट वापरता येईल.

तुम्हाला माझा राग आला असेल तर तो बरोबर आहे. मी माफ करा असं लिहिणार होते पण ते वाचायला बरं वाटलं नाही, म्हणून खोडलं.

तुमची पिशवी मी साहेबांना न विचारता उचलली. घरी ठेवलीय. आत्यानं हातानं विचारलं हे काय. मी तिच्या चांगल्या कानापाशी जाऊन सांगितलं, "काकूंचं आहे." तिनं टीव्ही बंद केला. आणि मग म्हणाली, "कोण काकू? सांग तरी."

हळू


२९ मार्च

काकू,

ताईंचं पत्र मिळालं. चारदा वाचलं. तुम्ही वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जाता हे वाचून बरं वाटलं. दुकानानं खर्च देतो म्हणून फोनवर कबूल केलंय, आणि ताईंनी ते लेखी द्या म्हणून सांगितलंय, हे तर मी शिट्टींच्या तोंडून आधीच ऐकलं होतं. म्हणाले, "तुझ्या काकूंची लेक म्हणजे काय बाई आहे!"

शेवटची ओळ मात्र ताईंनी लिहिली नसती तरी चाललं असतं, किंवा नसतं चाललं. "आईला तुझी पत्रं मी वाचून दाखवते. ती त्यावर काहीच बोलत नाही. पण पोस्टमन आला की नवीन आलं का विचारते."

म्हणून हे लिहितेय.

माझं इथलं काम महिनाअखेरीपर्यंतच आहे. साहेबांनी कारण नाही सांगितलं, मी विचारलं नाही. उरलेले दिवस मला तेलाच्या रांगेत टाकलंय. मागच्या पायऱ्यांवर मी एकटीच असते. आत गेले की बोलणं थांबतं, आता जागाही देत नाहीत. सगळ्यांना दर तासाला खरंच फिरावं लागतं ना, माझ्यामुळं. शिट्टी दिवसभर एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जातात. संध्याकाळपर्यंत त्यांची सही आपोआप वाकडी येते, काही करावं लागत नाही.

फ्रीजर दुरुस्त केला. पाट्या सहा आणल्या. तुमच्या मापाचे बूट पण आले, खोक्यात आहेत, कुणी घेत नाही.

आजची गोष्ट सांगायची होती.

दुपारी तेलाच्या रांगेत एका माणसाच्या हातून बाटली सुटली. पाच लिटरची. झाकण उडालं आणि तेल असं पसरलं की बघता बघता दोन्ही बाजूंच्या रॅकखाली गेलं. तो माणूस घाबरून मागं सरला आणि निघूनच गेला. पलीकडच्या टोकानं एक आजोबा ट्रॉली ढकलत येत होते, ट्रॉलीत नात बसलेली. ते तिच्याशी बोलत होते, खाली बघत नव्हते.

पाट्या गोदामात होत्या. सहाही.

माझा एक पाय उचलला होता काकू, खोटं नाही सांगत. मग मी तो खाली ठेवला. तेलाच्या कडेला उभी राहिले, दोन्ही हात पसरले. तोंड उघडलं. तेच म्याव ऐकू आलं. पण आजोबा येतच होते.

मी ओरडले.

"थांबा! तेल सांडलंय! कुणी पुढं येऊ नका!"

आजोबांची ट्रॉली जागच्या जागी थांबली. नात रडायला लागली. काउंटरवरच्या पोरींनी माना वळवल्या, गिऱ्हाईकं वळली, साहेब खोलीतून बाहेर आले. सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं आणि मी हात पसरून उभी, आणि मला वाटलं आता मी मरणार. मेले नाही. पुन्हा ओरडले. "पाटी आणा! पोछा आणा!" शिट्टी गोदामातून पाटी आणि पोछा घेऊन पळत आले. त्यांनी ती माझ्या पायाशी ठेवली आणि पुसायला बसले.

मी हलले नाही. फरशी पूर्ण कोरडी होईपर्यंत तिथेच होते, हात दुखायला लागले तरी. आजोबा जाताना म्हणाले, "पोरी, केवढा गं आवाज तुझा!"

चहाच्या सुट्टीत मी भाजीच्या मागं जाऊन पोत्याला कान लावला. नव्या बाई बघत होत्या, त्यांना वाटलं असेल हिचं डोकं फिरलं.

एकही घोरत नव्हता काकू. सगळे उठलेत.

तुमची
हळू